राघूला दिसलेलं गाणं

मंजुळाच्या घरात गोधडी एकच, आणि ती राघूला मिळायची. राघू तिचा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मंजुळा इतकं गोड गायची, पण तो नुसता तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बसायचा. फार वाईट वाटायचं हो तिला!

एकदा शाळेत दोन जाडजूड काळे चष्मे आले. डोळ्यांवर चढवले की खुर्चीत बसल्या बसल्या दुसऱ्याच जगात! मंजुळाने एक राघूला घातला, एक स्वतः घातला. आणि अगंबाई! समोर चंदेरी बाग, जास्वंदीच्या कळीवर एवढुश्शी निळी परी.

"इथे गाणं दिसतं, बाळ," परी म्हणाली. "पण तालाच्या पहिल्या टाळीवर, समेवर परतल्याशिवाय ते सोडायचं नाही. सोडलंस तर अंधार होईल, आणि सम येईपर्यंत राघू आतच राहील. इच्छा एकच मिळेल, तीही फक्त स्वतःसाठी."

मंजुळा गाऊ लागली. 'सा' केशरी, 'ग' पोपटी! इवलेइवले थेंब चमचमत नाचू लागले. राघू खिदळत त्यांच्यामागे धावला, पार झाडांआड गेला.

तेवढ्यात एक सूर चुकला. चुकलं की कानाची पाळी धरायची, ही गाण्याच्या बाईंची शिकवण. मंजुळाचा हात सवयीने कानाकडे गेला, चष्म्याच्या पट्ट्याला लागला, चष्मा घसरला. गाणं थांबलं!

शेजारच्या खुर्चीत राघू हलेना. हात गारठलेला. मंजुळाने घाईघाईने चष्मा चढवला. आत मिट्ट काळोख.

"राघू!"

पण त्याला ऐकू कुठे येणार? काळोख सरपटत तिच्या पावलांशी आला. चष्मा आता ओढूनही निघेना.

"इच्छा माग," परी कुजबुजली. "तुला एकटीला बाहेर काढते. लवकर गं!"

"आणि राघू?"

"इच्छा फक्त तुझ्यापुरती."

"मग नको मला!" मंजुळा रडली, आणि रडत रडतच गाऊ लागली. आवाज फाटत होता. पण यावेळी चुकलेल्या सुरालाही ती थांबली नाही. एक केशरी थेंब उजळला. मग दुसरा, तिसरा. थेंबांची चिमुकली पायवाट झाली. सम आली, आणि राघूने धावत येऊन तिचा फ्रॉक घट्ट पकडला.

"स्वतःसाठी मागितलं नाहीस, म्हणून न मागता देते," परी हसली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मंजुळा भीतभीतच गुणगुणली. राघूच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, तरी तो चुलीवरच्या हवेत काहीतरी बघून खुदकन हसला.

आणि बरोब्बर समेवर त्याने टाळी वाजवली.