वाढणारा ठिपका

एका माळरानाच्या कडेला, बोरीच्या दाट जाळीत, सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. नाव सातभाई, पण थव्यात सासू होती, जावा होत्या आणि एक नणंदही होती. बोलायला मात्र सगळे एकदमच लागत. त्यामुळे कोण काय म्हणाले हे कुणालाच कळत नसे आणि त्यावाचून कुणाचे काही अडतही नसे. अशा या घरात ओढ्यापलीकडून एक नवी सून आली. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिच्या नणंदेला नुकतेच पंख फुटले होते. ती उडण्यापेक्षा पडायचीच अधिक, पण तोंड अखंड चालू. "वहिनी, तुमच्या माहेरी सगळे मुकेच का हो?" ती विचारायची. वहिनी नुसती हसायची.

सातभाईंची एक रीत असते, मुलांनो. सगळे जमिनीवर किडे टिपत असले की एकाने उंच फांदीवर बसून पहारा करायचा. "शत्रू दिसला" एवढे ओरडून पहारेकऱ्याचे काम संपत नाही. तो येऊन पोहोचायला अजून किती अवकाश आहे, हेही त्याला ओळखावे लागते. फार लवकर पळाले तर पोट रिकामे राहते आणि उशीर झाला तर जीवच जातो. या विद्येत सासरे स्वतःला मोठे जाणते समजत. "त्यात काय आहे?" ते छाती फुगवून म्हणत. "मोठं दिसलं की जवळ, लहान दिसलं की लांब. आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय."

एका सकाळी थवा माळावर पडलेल्या पळसाच्या ओंडक्यापाशी वाळवी खायला गेला. जाळी तिथून बरीच दूर होती. सासरे शेजारच्या खैरावर पहाऱ्याला बसले आणि थोड्याच वेळात ओरडले, "आलं! भलंमोठं आलं! पळा!" सगळे धापा टाकत जाळीत शिरले. वर बघतात तो आभाळात एक गिधाड संथ घिरट्या घालत होते. त्याचे यांच्याकडे लक्षही नव्हते. लक्ष होते ते साळुंक्यांचे. त्यांनी तेवढ्यात ओंडक्यावरची वाळवी साफ केली.

"अहो, गिधाड मेलेलं खातं," सासूबाई कडाडल्या. "आपण अजून जिवंत आहोत!"

"पंख पाहिलेस का त्याचे केवढे ते?" सासरे म्हणाले.

मग सगळे परत ओंडक्यापाशी आले आणि उरलेसुरले टिपू लागले. आता आभाळात तिळाएवढा एक ठिपका दिसला. "तो फार लांब आहे. खा निवांत," वरून निरोप आला. घास गिळायच्या आत त्या ठिपक्याचा शिक्रा झाला आणि सपकन अंगावर आला. धाकट्या दिराची शेपटी त्याच्या पंजात राहिली. दीर तेवढे सुटले.

"लबाड आहे मेला," सासरे म्हणाले. "लांब असल्याचं सोंग करतो!"

सुनेने मात्र दोन्ही वेळा एक गोष्ट पाहिली होती. गिधाड मोठे होते, पण पहिल्यापासून तेवढेच मोठे राहिले. ठिपका लहान होता, पण बघता बघता फुगत गेला. हे मामंजींना सांगावे असे तिला वाटले. पण नव्या सुनेने मामंजींच्या आजोबांची विद्या मोडीत काढायची म्हणजे काय, तुम्हीच सांगा! ती खाली मान घालून किडे टिपू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याच ओंडक्यापाशी पहाऱ्याची पाळी तिच्यावर आली. "ओरडता येईल ना गं?" मोठी जाऊ म्हणाली. "का खाली उतरून एकेकाच्या कानात सांगणार आहेस?" सगळे खदखदून हसले. सून खैराच्या शेंड्यावर जाऊन बसली.

ऊन चढू लागले तसे ते गिधाड पुन्हा आले. त्याच सुमारास समोर, जाळीच्या बाजूला, एक ठिपका उमटला. सुनेने एक डोळा मिटला आणि मान हलवून तो ठिपका खैराच्या बारीक पानाआड धरला. तो पुरता झाकला गेला. तिने श्वास घेतला, सोडला, आणि ठिपका पानाच्या दोन्ही कडांनी बाहेर डोकावू लागला! गिधाड होते तेवढेच होते.

तेवढ्यात खालून सासऱ्यांची नजर वर गिधाडाकडे गेली. "अगं सूनबाई, झोपलीस का? केवढं मोठं आलंय! चला, जाळीत चला सगळे!"

थवा उठला. सगळ्यांच्या मागे नणंद, चार उड्या मारत आणि एकदा कोलमडत, निघाली. शिक्रा येत होता तो नेमका जाळीवरूनच. नणंद अर्ध्या वाटेवर पोहोचेल तेव्हा तोही तिथेच असेल, हे सुनेला लख्ख दिसले. मामंजींचा शब्द चारचौघांत खोडायचा? आणि आपलाच अंदाज चुकला तर? आणखी थोडं नीट बघावं, पक्कं झालं की बोलावं, असे तिच्या मनात आले. तिने पुन्हा पाहिले. आता तो पानाच्या दुप्पट झाला होता. पक्के व्हायला थांबले, तर "वहिनी" म्हणणारीच उरणार नव्हती.

"मामंजी, जाळीकडे नको!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "मागे फिरा! ओंडक्याखाली! सगळे, आत्ता!"

तो आवाज एवढा मोठा होता, की सगळे आधी दचकले आणि मग विचार न करता मागे वळले. सासूबाईंनी नणंदेच्या पंखाला चोच घालून तिला ओढतच ओंडक्याखाली ढकलले. सुनेने खैराच्या काट्यांत दडी मारली. पुढच्याच क्षणी शिक्रा माळावरून सपकन गेला. रिकामे पंजे आवळत तो दूर निघून गेला. गिधाड आपले घिरट्याच घालत होते.

सून खाली उतरली, तसे सगळे ओंडक्याखालून बाहेर आले. मग सासरे म्हणाले, "सूनबाईंना आवाज आहे म्हणायचा!"

"आवाज राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "अगं, तुला कळलं कसं?"

सुनेने पानाची युक्ती सांगितली. "केवढं दिसतं ते बघायचं नाही मामंजी. किती भराभर वाढतं ते बघायचं."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," सासरे म्हणाले, "फक्त जरा वेगळं." आणि लगेच एक डोळा मिटून पान शोधायला लागले.

दुपारभर सगळ्या थव्याला तोच नाद लागला. नणंद तर हट्टाने एका बुंध्यावर पहाऱ्याला बसली. थोड्या वेळाने ती किंचाळली, "ठिपका! लहान आहे, पण भराभर वाढतोय! आला, आला, पोहोचला!" सगळे ओंडक्याखाली घुसले, सासरे सर्वांत आधी. टप्पकन काहीतरी नणंदेच्या कपाळावर आपटले. तो एक गलेलठ्ठ भुंगा होता.

"भवाने, हा शत्रू का गं?" सासूबाई ओरडल्या.

नणंद कपाळ चोळत म्हणाली, "शत्रू आहे असं मी कुठं म्हटलं? म्हटल्या वेळी आला की नाही, तेवढं सांगा."

सून मोठ्याने हसली.

"अगदी वेळेवर आला," ओंडक्याखालून सासऱ्यांचा आवाज आला. "मी बघत होतो ना!"

तात्पर्य : संकट केवढे दिसते यावर जाऊ नये, ते किती वेगाने वाढते आहे ते पाहावे; आणि दिसले की वेळेवर बोलावे, कारण खात्री पटेपर्यंत संकट थांबत नाही.