दोघांच्या फुंकरीची कळी

चोय खाली पडली, तिथूनच सगळं सुरू झालं.

चोय म्हणजे पळसाची पानं एकमेकांना टाचायची बांबूची बारीकशी काडी. रुंजीचे बाबा सोनबा गावासाठी पत्रावळ्या लावायचे. एका सकाळी त्यांच्या बोटांतून चोय सुटली आणि त्यांच्याच पायाशी पडली. त्यांना ती दिसत होती. त्यांनी वाकून पाहिलं, कुशीवर होऊन पाहिलं आणि मग हसत म्हणाले, "रुंजे, तेवढी दे गं उचलून. हे पोट मधेच येऊन बसतंय, हाताला जाऊच देत नाही!"

रुंजी हसली. तिनं चोय उचलून दिली. पण आत कुठेतरी धस्स झालं. रुंजी तशी भित्रीच. भांडं पडलं तरी दचकायची, पाल चुकचुकली तरी दचकायची. पण ती धडधड लगेच विरायची. ही मात्र विरेना.

आई देवाघरी गेल्यापासून कुडाच्या त्या इवल्याशा खोपटीत दोघंच राहत होती. गावात जेवणावळ असली की पत्रावळ्या सोनबांच्या, आणि त्याबद्दल त्यांना पंगतीत मानाचं पान. गावाची रीतच होती, पानावर बसलेल्याला आग्रह करायचा. आणि आग्रह मोडायचा नाही!

"सोनबा, हा लाडू नवरदेवाच्या नावाचा!" वाढपी हरबातात्या परात घेऊन पुढे यायचे. "हा त्याच्या मामाचा! आणि हा माझा. नाही म्हणालात तर बोलणारच नाही बघा!"

वाढणाऱ्याचं मन कसं मोडायचं? सोनबा खायचे. लोक टाळ्या पिटायचे आणि पाठ वळली की खिदळायचे, "पुढच्या खेपेला यांच्यापुढे दोन पानं मांडा रे!" रुंजीला ते ऐकू यायचं. कान गरम व्हायचे. पण घरी आल्यावर पंगतीतून आणलेली उरलेली जिलबी ती स्वतःच बाबांपुढे सरकवायची. आई गेल्यापासून बाबा खातानाच तेवढे हसायचे ना!

आता पानं आणायला डोंगरावर रुंजी एकटीच जायची. सोनबांना चढवत नसे. आणि एका दुपारी जेवणावळीतून परतताना ते सपाट वाटेवरच मटकन बसले. ओठ काळेनिळे, कपाळावर घामाचे थेंब, श्वास करवतीसारखा खरखरणारा.

"कुणाला सांगू नकोस हं," ते कसेबसे म्हणाले. "जरा... जरा टेकतो."

रुंजीनं त्यांचा हात घट्ट धरला. बाबाही गेले तर? तो विचार तिला रात्रभर चिकटून राहिला.

दुसऱ्या दिवशी ती पळसाच्या राईत गेली. कोवळ्या पोपटी पानांवर दव चमचमत होतं. इतक्यात झुडपाखालून अगदी बारीक रडणं ऐकू आलं. रुंजी दचकली, पळायलाच निघाली. पण रडणाऱ्याला टाकून पळायचं कसं? तिनं डोळे किलकिले करून पाहिलं. कावळ्यांनी खालून उचलून आणलेली उष्टी पत्रावळ पडली होती, आणि तिच्यातल्या जिलबीच्या पाकात पंख चिकटून बसली होती एक चिमुकली, करंगळीएवढी परी! झगा हळदुला, केस चंदेरी, पंख मात्र चिकट झालेले.

"थांब हं, रडू नकोस," रुंजी म्हणाली. प्यायला आणलेलं गडूभर पाणी तिनं थेंबाथेंबानं त्या पंखांवर सोडलं. स्वतःसाठी घोटभरही ठेवलं नाही. पाक विरघळला, पंख सुटले आणि त्यांतून निळी-जांभळी-सोनेरी झगमग उसळली.

"किती हलका हात गं तुझा!" परी म्हणाली. "माग, एक इच्छा माग. पण नियम ऐक. दुसऱ्याच्या अंगावर माझी जादू चालत नाही. कुणी लाजेल असं काही मागायचं नाही. आणि जे मागशील, त्याचा निम्मा वाटा तू उचलायचा."

"माझ्या बाबांना बारीक कर!"

"ते त्यांचं अंग आहे, राणी. त्यात मला शिरता येत नाही."

"मग सगळे लाडू कडू कर!"

"भरल्या पंगतीत त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, तर लोक हसतील की नाही?"

रुंजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. परी तिच्या तळहातावर येऊन बसली. "बाबांना काय आवडतं?"

"लाडू."

"आणि लाडवाच्या आधी काय आवडायचं?"

रुंजी आठवत राहिली. "ही राई. इथल्या झाडांशी ते गप्पा मारायचे. आई असताना आम्ही रोज यायचो, कधी डोंगराच्या मागच्या वाटेनं थेट माथ्यावरसुद्धा." आणि मग तिला सुचलं. "मला ना, बाबांची सोबत हवी. इथवर येताना."

परीनं टाळी वाजवली. मोतीचूर उडावा तशा ठिणग्या उडाल्या.

दुसऱ्या दिवशी खोपटीपासून जरा अंतरावर, वाटेच्या कडेला एक गुलाबी कळी उगवली. रुंजीनं फुंकर घातली, कळी उमलेना. "बाबा, या ना! ही दोघांच्या फुंकरीनंच उमलणार आहे."

"कसली गं कळी?" म्हणत सोनबा धापा टाकत आले. दोघांनी मिळून फुंकर घातली आणि कळी खुदकन उमलली, आत चिमण्या दिव्यासारखा उजेड! सोनबा लहान मुलासारखे बघतच राहिले. उद्याची कळी जरा पुढे उगवायची, परवाची आणखी जरा वर. कधी मोरपंखी, कधी डाळिंबी. लाडवाचं नावही कुणी काढत नव्हतं. सोनबाच पहाटे विचारायचे, "आज कुठला रंग असेल गं?"

आणि रुंजीचा निम्मा वाटा? जिलबी पुढे सरकवणं तिनं सोडलं. त्याऐवजी ती गप्पा सरकवायची, आईच्या, झाडांच्या. बाबा जेवतानाच काय, एरवीही हसू लागले.

पुढच्या पंगतीत हरबातात्या परात घेऊन आले. सोनबांनी पानावर आडवा हात धरला. "पुरे, तात्या."

"आँ? रुसलात काय सोनबा? अहो, निदान माझ्या नावाचा तरी!"

सोनबांनी हात जरासा मागे घेतला. तेव्हा पंगतीच्या टोकाला बसलेली रुंजी उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला. "तात्या, बाबांना उद्या डोंगर चढायचाय. तुमच्या नावाचा आशीर्वाद द्या. तो ते पोटभर घेतील!"

हरबातात्यांनी परात खाली ठेवली. "दिला बरं का सोनबा, आशीर्वाद!" म्हणाले आणि स्वतःच्या सुटलेल्या पोटावर हात फिरवत पुटपुटले, "मलाही न्या की एकदा." लेकीकडे बघताना सोनबांची छाती अशी काही फुगली, की सदऱ्याची गुंडीच तुटली.

सगळेच दिवस असे नव्हते. एका लग्नात सोनबा आग्रहाला भुलले आणि दुसऱ्या सकाळी कळीकडे जायला उठेचनात. रुंजी रागावली नाही. "कळी थांबलीय, बाबा," एवढंच म्हणाली. कळी खरंच थांबली होती.

दिवस सरले, पळस फुलून राई केशरी झाली. सोनबांचं पोट अजून होतंच, पण श्वासातली करवत गेली होती. शेवटची शुभ्र कळी उगवली ती माथ्याच्या जरा खाली, उभ्या चढावर. तिच्यात परी बसली होती.

"आज तू पुढे ये, रुंजी. बाबांचा हात धरून ओढायचं नाही. इथून फक्त हाक मारायची. ते माथा गाठतील तेव्हा कळी उमलेल, आणि मी जाईन."

रुंजी कळीपाशी उभी राहिली. खाली, बाबा ज्या वाटेनं येणार होते तिच्यावर, धुकं दाटलं होतं. "बाबा!" तिनं हाक मारली. उत्तर नाही. "बाबा, ऐकू येतंय का?" धुकं तसंच. वाट रिकामी. कुठे बसले असतील? एकटेच? "बाबा!"

आणि एकाएकी कळी उमलली! पांढऱ्या उजेडाचा लोट उसळला, त्यात हळदुला झगा लखलखला, परी हसली आणि आभाळात मिसळून गेली. रुंजी गोंधळली. कळी उमलली, मग बाबा कुठेत? वाट तर रिकामीच होती. तिनं पुन्हा, सगळा जीव एकवटून हाक मारली.

तेव्हा तिच्या डोक्याच्याही वरून, थेट माथ्यावरून, सोनबांचा दणदणीत आवाज आला, "खाली काय शोधतेस गं रुंजे? मी मागच्या वाटेनं आलो, वर बघ!"