जावईबापूंची न संपणारी वरात

बोरवडी गावात एक जावई होता. भोळा आहे, असं त्याची सासू म्हणायची. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण जावईमाणूस म्हणून तोंडावर वापरत नव्हतं.

त्याचं नाव मच्छिंद्र. दिवाळसणाला म्हणून सासुरवाडीला आला. फराळ संपला, पणत्या माळ्यावर गेल्या, तुळशीचं लग्न लागलं, तरी हा होता तिथंच होता.

सासरे बळवंतअण्णा. एसटी स्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ. गावातली लग्नं, बारशी, निरोपसमारंभ सगळं त्यांच्याच कॅमेऱ्यातून गेलेलं. अलीकडे लोकांना मोबाइलवर पाठवायला हलती चित्रं हवी असायची. व्हिडिओतला छोटा तुकडा घ्यायचा आणि त्याचं असं चित्र करायचं, की ते आपलं तेच तेच करत राहतं. पोरं त्याला जिफ म्हणायची. अण्णांचा त्यात हातखंडा होता. पण ऐन लग्नसराईत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर कॉम्प्युटरकडे बघायचं नाही.

“हे बसतील की स्टुडिओत,” थोरली मुलगी शालन म्हणाली. नवरा दिवसभर घरात असला की काय होतं ते तिला ठाऊक होतं.

अण्णांचा नाइलाज झाला. नोकर चुकला तर त्याला झाडता येतं. जावई चुकला तर त्याला आधी चहा विचारावा लागतो.

पहिलं काम आलं बारशाचं. पाळणा हलतोय असं एक चित्र करायचं होतं. मच्छिंद्रनं अख्खं बारसं घेतलं. दोन तासांचं. पाहुण्यांच्या चपला, घुगऱ्यांची परात, कुणाच्या तरी आजोबांची डुलकी, सगळं. कॉम्प्युटर दुपारी जो अडकला तो दिवेलागणीला सुटला. बाळाच्या बापानं ते चित्र मोबाइलवर घेतलं आणि मोबाइल बंद पडला.

“जावईबापू,” अण्णा म्हणाले, “सगळं नाही घ्यायचं. मोक्याचे तीन सेकंद घ्यायचे. बाकीचं कापून टाकायचं.”

“असं आहे होय,” मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं मान डोलावली. त्याची मान फार छान डोलायची. तिच्यावर काही वजन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर गोसावी सर आले. चौतीस वर्षांची नोकरी संपवून ते निवृत्त झाले होते. निरोपाच्या भाषणाचं रेकॉर्डिंग त्यांना परदेशातल्या लेकाला पाठवायचं होतं. भाषण पाऊण तासाचं. मच्छिंद्रनं त्यांना तीन सेकंद दिले. त्यात सर पाणी पीत होते.

सर पेनड्राइव्ह घेऊन परत आले. “माझं भाषण कुठंय?”

“कापलं,” मच्छिंद्र म्हणाला. “मोक्याचं तेवढं ठेवलं.”

“पाणी पिणं मोक्याचं?”

“बाकी सगळं नुसतं बोलणंच होतं, सर.”

सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी खरोखरच पाणी मागितलं. नशीब, की कॅमेऱ्याच्या कार्डात मूळ भाषण शाबूत होतं. अण्णांनी जावयाला बाजूला घेतलं. “अहो, ते कापायचं नव्हतं. फाइल फार जड आहे, जाता जात नाही, असं सर म्हणत होते. वजन कमी करायचं होतं.”

“वजन कमी करायचं. तसं सांगायचं की मामा,” मच्छिंद्र म्हणाला.

तिसरं काम तालमीचं. बोरवडीचा दौलू पैलवान म्हणजे सव्वाशे किलोचा ऐवज. कुस्त्यांच्या मैदानाची वर्दी म्हणून त्याचं शड्डू ठोकणारं चित्र बारा गावांना पाठवायचं होतं. तालमीचे वस्ताद म्हणाले, “चित्र जरा हलकं करा. आमच्या मोबाइलमधनं जड चित्र पुढं सरकत नाही.” मच्छिंद्रला हे काम आता पाठ होतं. त्यानं सॉफ्टवेअर उघडलं आणि पैलवानाचं वजन कमी करायला घेतलं. मांड्या तासल्या. दंड छिलले. पोट आत दाबलं. संध्याकाळपर्यंत दौलू बावन्न किलोचा झाला. शड्डू ठोकताना तो डास मारल्यासारखा दिसायला लागला.

चित्र बारा गावांत फिरलं. दरवर्षी दौलूसमोर उतरायला एक गडी मिळायची मारामार. यंदा एकेचाळीस जणांनी नावं दिली. त्यात एक आचारी होता.

दौलू स्टुडिओत आला आणि दारात उभा राहिला. आत उजेड येईना. अण्णांनी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. तो गेल्यावर ते जावयाला म्हणाले, “माणसाचं वजन नाही हो कमी करायचं. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. एक ठेवायचं, एक काढायचं. एक ठेवायचं, एक काढायचं. निम्मी गेली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.”

“कुणाच्याच?”

“कुणाच्याच.”

दूध संस्थेचा वर्धापनदिन आला. अकरा संचालक ओळीनं उभे, असा फोटो फलकावर लावायचा होता. अध्यक्ष भोईटे म्हणाले, “फार दाटी वाटतेय बघा फोटोत. जरा मोकळं करता येईल का?”

मच्छिंद्रनं एक ठेवला, एक काढला. एक ठेवला, एक काढला. अकराचे सहा राहिले. गेलेल्या पाचांत उपाध्यक्ष होते, आणि दोन वर्षं ज्यांचं अध्यक्षांशी पटत नव्हतं ते चौघं होते. मच्छिंद्रला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला माहीत असण्याची सवयच नव्हती. पण फलक चौकात चढला, त्या पाचांनी तो पाहिला आणि दुपारपर्यंत अविश्वास ठरावाच्या सह्या सुरू झाल्या. भोईटे अध्यक्ष सह्यांचा कागद घेऊनच स्टुडिओत आले.

“पण लक्षात कसं आलं त्यांच्या?” मच्छिंद्रनं मनापासून विचारलं.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री बायकोला म्हणाले, “गोदे, डोळ्याला दिसत नव्हतं तेच बरं होतं.”

नंतर त्यांनी जावयाला रंग कमी करायला शिकवलं. दोनशे छप्पन्न रंग असतात, ते बत्तीसवर आणले तर चित्र हलकं होतं, वगैरे. ते त्यानं कुंदाताईंच्या साडी सेंटरच्या हलत्या चित्रांवर वापरलं. आणि बत्तीसचे चार केले, कारण बत्तीसनं हलकं होत असेल तर चारनं किती होईल. कुंदाताईंच्या चाळीस साड्या होत्या. त्या सगळ्या शेणाच्या रंगाच्या झाल्या. बायका दुकानात येऊन विचारायला लागल्या, ही नवी फॅशन आहे का सुतक.

“ते एक असो,” कुंदाताई म्हणाल्या. त्या सोशीक होत्या. “पण साडी गोल फिरताफिरता मधेच उडी मारते, ती का?”

तेव्हा अण्णांनी जावयाला शेवटचा धडा दिला. हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून. “जावईबापू, चित्र जिथून सुरू झालं, तिथंच परत आलं पाहिजे. शेवट सुरुवातीला जोडायचा. मधला सांधा दिसता कामा नये. आणि मग ‘कायम’ हे बटण दाबायचं. म्हणजे ते न थांबता फिरत राहतं.”

“जिथून निघालं तिथं परत. आणि कायम,” मच्छिंद्र म्हणाला.

“बरोबर.”

हा शब्द वापरल्याचा अण्णांना पुढं फार पस्तावा झाला.

आठ दिवसांनी धाकट्या वैजूचं लग्न होतं. स्थळ चांगलं होतं, चाळीस किलोमीटरवरच्या आंबेवाडीचं. मुलगा शांत, घरचे शांत. फक्त नवऱ्यामुलाची आत्या, अनुसयाबाई, कडक होत्या. त्यांनी एकच अट घातली होती. सून दिवस मावळायच्या आत उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात आली पाहिजे. अंधारात आलेली सून त्यांच्या घराण्याला आजवर लाभली नव्हती. दाखला त्या स्वतःच्या जावेचा देत होत्या, म्हणजे दुसऱ्याच घराण्याचा, पण ते जाऊ द्या.

लग्न झकास लागलं. जेवणं झाली. चार वाजता पाठवणी. वऱ्हाडाला इथले रस्ते ठाऊक नव्हते. अण्णांनी थोरल्या जावयाला बोलावलं.

“तुम्ही पुढच्या जीपमध्ये बसा. हमरस्त्यापर्यंत वाट दाखवा. नवरानवरीची गाडी तुमच्या मागं, त्यांच्या मागं वऱ्हाडाची बस. आणि कॅमेरा घ्या बरोबर. पाठवणीचं हलतं चित्र व्याह्यांना पाठवायचंय.”

“हलतं चित्र,” मच्छिंद्र म्हणाला. “सांधा दिसू द्यायचा नाही.”

“हो हो,” अण्णा म्हणाले. त्यांचं लक्ष लेकीकडे होतं.

वैजू आईच्या गळ्यात पडली. गोदाबाई रडल्या. बँडवाल्यांनी निरोपाची धून धरली. गाड्या निघाल्या. अण्णा मांडवाच्या खांबाला टेकले आणि डोळ्यावरचा काळा चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

वीस मिनिटांनी गाड्या परत आल्या.

गावाबाहेरून वळसा घालून, ओढा ओलांडून, देवळामागून मच्छिंद्रनं त्या नेमक्या मांडवाच्या दारात आणल्या होत्या. काहीतरी विसरलं असेल असं सगळ्यांना वाटलं. गोदाबाई धावत गाडीपाशी गेल्या आणि लेकीला बघून पुन्हा रडल्या. बँडवाल्यांनी गाडी बघितली आणि पुन्हा धून धरली. कुणी काही बोलायच्या आत जीप निघाली. मागोमाग बाकीच्या गाड्या निघाल्या.

पहिल्या फेरीत वैजूनं डोळ्यांना पदर लावला होता, तिला रस्ता दिसलाच नाही. दुसऱ्या फेरीत दिसला. पण नवी नवरी सासरच्यांच्या गाडीत बोलणार काय. आणि खरं सांगायचं तर आई अजून एकदा दिसत होती, ते तिला नको नव्हतं.

गाड्या परत आल्या. अण्णा रस्त्यावर जाऊन दोन्ही हात हलवायला लागले. मामा निरोप देतायत असं मच्छिंद्रला वाटलं. त्यानंही हात हलवला. जीप पुढं गेली.

“यांचं गाव मोठं आहे हो,” बसमध्ये एक वऱ्हाडी दुसऱ्याला म्हणाले. “मघापासून चाललोय.”

“आणि देवळं किती. सगळी एकसारखी.”

चौथ्या फेरीला गोदाबाई नुसत्या उभ्या राहिल्या. पाचव्या फेरीला त्या पंक्तीतलं उरलेलं झाकत होत्या आणि त्यांनी मान वर करून पाहिलं. बँडवाल्यांचा सनईवाला ओठ चोळत बसला होता. सहाव्या फेरीला मांडवाच्या दारात जीपचं डिझेल संपलं.

अनुसयाआत्या बसमधून उतरल्या. त्यांनी मांडव बघितला. मांडवावर लावलेलं वैजूचं नाव बघितलं. मग पश्चिमेकडे बघितलं. सूर्य डोंगराला टेकला होता.

“हे काय आहे?” त्या म्हणाल्या.

“पाठवणी,” मच्छिंद्र म्हणाला. “कायम.”

आत्यांनी पदर खोचला. भांडायला वेळ नव्हता, दिवस चालला होता. “बाहेर अंधारात सून फिरवणार नाही मी. माप आणा. कुठल्या का घराचा होईना, उंबरा आहे ना?”

गोदाबाईंनी स्वतःच्याच उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. वैजूनं ते पायानं लवंडवलं आणि ती सासरी म्हणून माहेरी आली. वऱ्हाडातली सत्तर माणसं तिच्या मागून घरात शिरली. आत्यांनी जाहीर केलं, की माप ओलांडल्यावर पूजा होईपर्यंत नवरीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि पूजा पाचव्या दिवशी. आचाऱ्याला फोन गेला. अण्णा पायरीवर बसले. जावई आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना रागावायला शब्द सापडत होते आणि ते सगळे एकदम तोंडाशी आले होते.

तेवढ्यात मच्छिंद्र कॅमेरा घेऊन शेजारी येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

“मामा, काम फसलं.”

अण्णांचा राग निम्मा झाला. उशिरा का होईना, याला कळलं. “असू द्या,” ते म्हणाले.

“सुरुवातीला वैजू घरातून बाहेर येते. शेवटी ती घरात जाते. सांधा जुळत नाही. लांबून दिसतो.”

अण्णांनी काळा चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला.

“पण तुम्ही काळजी करू नका,” मच्छिंद्र म्हणाला. “मी मागं जाऊन बघितलं. ती सकाळी घरातच होती. लग्नाच्या आधी. म्हणजे शेवट तिथं बरोबर जुळतो.”

“म्हणजे?” अण्णांनी विचारलं.

मांडवाच्या दारात एक मोटरसायकल थांबली. तिच्यावरून भटजी उतरले. फोन आला म्हणून पंचवीस किलोमीटरवरून परत आले होते. त्यांनी पिशवी काढली, चपला काढल्या आणि मच्छिंद्रकडे बघून विचारलं, “जावईबापू, लग्न पहिल्यापासून लावायचं हे समजलं. पण नवरदेव तोच, की दुसरा बघितलाय?”