गुप्तदान

एका छोट्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांना एक खोड होती. संसदेला सुट्टी लागली की ते वटहुकूम काढत. पक्षाला देणगी देणाऱ्यांची नावं गुप्त ठेवायचा वटहुकूम त्यांनी तिसऱ्यांदा काढला आणि मंजुरीसाठी स्वतः सभागृहात आले. विरोधी बाकं ओरडून ओरडून थकली होती.

"देवळातलं गुप्तदान तुम्हाला चालतं," राष्ट्राध्यक्ष म्हणाले, "मग आमच्याच देणगीदारांवर संशय का? तीही माणसं काही न मागता देतात."

विरोधी बाकांवरच्या, सत्तरी ओलांडलेल्या खासदार इंदुमती शेजवळ गुडघ्यांवर हात टेकून कशाबशा उठल्या.

"पटलं. फक्त एक दुरुस्ती सुचवते. देवळाच्या पेटीत कोणी किती टाकलं, ते पुजाऱ्यालाही कळत नाही. आपणही प्रत्येक पक्षाच्या दारात तशीच पेटी ठेवू. देणाऱ्याचं नाव पक्षालाही कळायला नको."

"आम्हालाही नाही?" राष्ट्राध्यक्ष बोलून गेले. "मग देईल कोण?"



"माझं भाषण त्यांनीच केलं," म्हणत बाई खाली बसल्या. "सभापती महाराज, आता मतदान घ्या. आणि नाकारलेला वटहुकूम पुन्हा काढता येणार नाही, हेही ठरावात लिहा. चौथ्यांदा उभं राहायला माझे गुडघे साथ द्यायचे नाहीत."