शेंदूर नको म्हणणारा दगड

पिच्छाच सोडत नाही तुम्ही म्हणून सांगतो, हौस नाही मला. फार मागं नदीकाठी पूर मोजायला खुणा कोरलेला एक दगड उभा होता. लोकांनी शेंदूर फासून त्याचा देव केला, अन् खुणा बुजल्या.

"नारळ मिळतोय, गप बस की," कुरकुरणाऱ्या दगडाला काठावरचं कासव म्हणालं.

"नारळ घाल चुलीत! पाणी चढतंय ते खालच्या आळीला कळणार कसं? खेकड्या, खरवड मला!"

"देव कोपंल!" खेकडा मागं सरला.

"देव मीच ना? मीच सांगतोय, खरवड!"

खेकड्यानं खरवडलं. पाणी धोक्याच्या खुणेला टेकलेलं दिसताच आळी पोरंबाळं घेऊन टेकाडावर पळाली.

आमच्या पुलावरच्या अशाच खुणांवर एकानं आपलं पोस्टर चिकटवलं. मी फाडलं, तर चारचौघांत मला वेडा म्हणाला. माफी अजून मागितली नाही त्या रंगराव खोतानं.