बुटाच्या आत कोण आहे?

बूट बोलायचे, त्या काळातली गोष्ट. बास्केटबॉल खेळणाऱ्या इरावतीचा उजवा बूट मैदानाच्या कडेला चक्रावून बसला होता. मुरगळलेला पाय बरा झाल्यापासून ती अनवाणीच सराव करायची, पायाच्या बोटांनी जमिनीवरचा रुमाल उचलत बसायची.

"उड्या मारायच्या मी आणि लाड तुमचे?" त्याने तिच्या पायाच्या करंगळीला विचारलं. "आता मला टाकून देणार की काय?"

"तू आवळून धरायचास, म्हणून आम्ही नुसती झोपून असायचो," करंगळी म्हणाली.

बुटाला काही उमगेना.

सामन्याच्या दिवशी इरावतीने त्याला पुन्हा पायात चढवलं. उडी घेताना पाचही बोटांनी जमीन रेटली. बूट एवढा उंच कधीच गेला नव्हता.

"आत कोण आहे?" तो बावरून म्हणाला.

"आम्हीच," करंगळी म्हणाली. "जागी झालोय."