म्हाळसाचा कातळ

फार फार वर्षांमागची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या आंबेणीत म्हाळसा नावाची मुलगी दूर पैठणला मामाकडे वैद्यकी शिकून परतली. तिला वाटलं होतं, दार उघडताच जांभूळ, हिरडा, कारवी अशा एकेका फुलाच्या मधाचा वास अंगावर धावून येईल. तिचा बाप हैबतबाबा कड्यांवरची पोळी काढून गावाला औषधाचा मध देई आणि नुसत्या वासावरून मधाचं फूल सांगे. एकदा तर त्यानं झाडही सांगितलं होतं, असं म्हणतात.

पण दारात ती थिजलीच. बाबा एका मडक्यावर वाकून हुंगत होता. "घे ताना, जांभळाचा. खोकला पळेल." मडक्यातून तर शेराच्या विषारी झुडपाच्या चिकाचा उग्र वास येत होता! आणि शेजारची ताना म्हणत होती, "होय बाबा, जांभूळच."

म्हाळसानं तिला अंगणात गाठलं. "अगं, हा शेराचा! घसा सोलून निघेल."

"ठाऊक आहे, म्हाळसे. वाटेत ओतून टाकते. तापात बाबांचं नाक गेलं, तेव्हापासून सगळा गाव हेच करतो. नाक गेलं, आता माणूसही घालवायचा का?"

"आणि ज्याला ठाऊक नाही तो?"

तानानं मग सांगितलं. परवाच एक वाटसरू तो मध चाटून तिच्या ओसरीवर पडला होता. त्याची वाचा बसली होती.

म्हाळसा रात्रभर विचार करत राहिली. सांगावं तर बाप खचेल, न सांगावं तर कुणाचा तरी जीव जाईल.

सकाळी तिनं ठरवलं, आपण बोलायचंच नाही. बाबाला तिनं देवळापुढच्या कातळावर बसवलं, चाळीस मडकी मांडली आणि सगळी उघडली. डोंगरभरच्या मधमाशा उतरल्या. ऊन झाकोळलं, असं म्हणतात. मडक्यामडक्यावर गुणगुण उठली. एकच मडकं गप्प. दुसरं काही असलं की माशा शेराला शिवत नाहीत.

बाबा त्या मडक्यावर वाकला. त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाला तरी विचारलं, "पोरी, यात काय आहे?"

"शेर, बाबा."

त्यानं स्वतःच ते मडकं कातळावर फोडलं. म्हणाला, "आता वास तू सांग. पोळं कुठल्या कड्यावरचं, ते मी सांगतो."

आजही आंबेणीत नवं मडकं आधी म्हाळसाच्या कातळावर उघडतात. माशी बसेपर्यंत कुणी बोट बुडवत नाही. आणि त्या कातळावर 'होय बाबा' म्हणायची सगळ्यांना मनाई आहे.